लिफ्टपाशी लावलेली ती पाटी उतरवा : सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड (दोन्ही नावं मुद्दाम वेगळी लिहिलीयेत, नाहीतर त्यावरच मीटिंग व्हायची) येथील समस्त गृहनिर्माण सोसायट्यांच्या मॅनेजिंग कमिट्या,
म्हणजे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि ज्यांच्या घरी लॅमिनेशनचं मशीन आहे ते सभासद.

विषय : पुणेरी पाटीच्या नावाखाली चाललेला प्रकार.

स. न. वि. वि.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि आता सगळं बिऱ्हाड इथंच आहे, त्यामुळे पुणेकर मला पुणेकर मानत नाहीत आणि गावाकडचे म्हणतात, ह्याच्याकडं जेवायला जायचं तर आधी फोन करून जा रे बाबा, पुण्याचा झालाय तो. तर अशा ना इकडच्या ना तिकडच्या माणसाने पुणेरी पाट्यांवर बोलावं का, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असंय की पाटी लिहिलेलीच असते बाहेरून येणाऱ्या माणसासाठी, घरातला माणूस स्वतःच्या दारावरची पाटी कशाला वाचेल, तेव्हा वाचक म्हणून माझा अधिकार तुमच्यापेक्षा जास्तच आहे.

पत्र लिहायचं कारण असं झालं की मध्ये एका मित्राकडे गेलो होतो. नवीन सोसायटी, मोठं गेट, क्लब हाऊस वगैरे. खाली लिफ्टच्या शेजारी एक पिवळी पाटी, कोपऱ्यात पगडी आणि मिशीवाल्या गृहस्थाचं कार्टून, आणि मजकूर साधारण असा की डिलिव्हरीवाले, ड्रायव्हर आणि कामवाल्या मावशी यांनी ही लिफ्ट वापरू नये, त्यांची लिफ्ट मागे आहे, वाचता येत नसल्यास वॉचमनकडून वाचून घ्यावे. आणि खाली तिरक्या अक्षरात 'अस्सल पुणेरी'. मित्र मला कौतुकाने दाखवत होता, बघ आमच्या कमिटीचा सेन्स ऑफ ह्यूमर. शेजारी एक पोरगा पाठीवर ती भली मोठी चौकोनी बॅग घेऊन उभा होता आणि पाटी वाचत होता. त्याला वाचता येत होतं.

त्या एका सोसायटीचं नाव मी घेणार नाही कारण एकट्या त्यांनाच धरण्यात अर्थ नाही, ह्या टाइपच्या पाट्या आता जिकडेतिकडे दिसतात आणि प्रत्येक ठिकाणी 'अहो गंमत आहे, पुणेरी आहे' एवढं म्हटलं की सगळं माफ. मला एवढंच सांगायचंय की ते पुणेरी नाहीये. का नाहीये ते जरा सविस्तर सांगतो, कमिटीच्या मिनिट्सपेक्षा लांब होणार नाही.

आधी पाटी आली कुठून ते बघा. माझी थिअरी अशी आहे की ती वाड्यातून आली. शनिवार, नारायण, सदाशिव, कसबा, सगळ्या पेठांमधून वाडे, मध्ये चौक, चौकात एक नळ, मागे सामायिक संडास, आणि दहा-बारा बिऱ्हाडं. मालक बहुतेक तिथंच माडीवर राहणारा. त्यात १९४७ चा मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी गोठली ती गोठलीच, मालकाला येणाऱ्या भाड्यात कौलंसुद्धा शाकारून होईनात आणि भाडेकरूला काढता येईना, भाडेकरूला गळकं छप्पर सोडून दुसरीकडे जाणं परवडेना. म्हणजे दोघांचं पटत नाही पण जिना एकच. बोलाचाली बंद, तरी सकाळी नळावर तोंडं दिसणारच. अशा वेळी माणूस काय करणार? पाटी लावणार. 'जिन्यात सायकल ठेवू नये.' नाव कुणाचं नाही, पण सायकल कुणाची ते वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे पाटी लावणारा तिथंच ओट्यावर पेपर वाचत बसलेला असायचा. काय म्हणायचंय ते तोंडावर येऊन म्हणा, अशी सोय होती. आणि भाडेकरूलाही हात होतेच की, त्याच्याकडेही खडू होता, उद्या शेजारी दुसरी पाटी लागू शकत होती की जिन्यात आधी दिवा लावावा, मग सायकल काढू. माझ्या लेखी पुणेरी पाटीची परीक्षा हीच, ज्याच्यासाठी लिहिलीय त्याला उलट पाटी लावता यायला पाहिजे. आता हीच परीक्षा त्या लिफ्टपाशी लावून बघा. तो बॅगवाला पोरगा तुमच्या गेटवर काय पाटी लावणार आहे? लावली तर संध्याकाळपर्यंत त्याचा आयडी बंद.

वाडे गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी एका दिवसात गेले, बाकीचे बिल्डरने सावकाश नेले. पण पाटीची सवय फ्लॅटमध्ये, बंगल्यांच्या फाटकावर, दुकानाच्या गल्ल्यावर गेली. 'पत्ता विचारण्यासाठी बेल वाजवू नये', 'फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल', 'आमची कोठेही शाखा नाही', हे तर सगळ्यांना पाठच आहे. ह्यातली गंमत लोक म्हणतात तशी उद्धटपणात नाहीये, निदान मला तरी तसं वाटत नाही. गंमत ही आहे की त्या एका ओळीमागे अख्खी हकीकत असते. पत्त्याची पाटी लावणारा माणूस कधीतरी ऐन दुपारी डोळा लागलेला असताना उठून दारात आलाय, आणि समोरचा विचारतोय, काका ते अमुक क्लासेस कुठं आले हो, आणि हे एकदा नाही, रोज, वर्षभर. मग एके दिवशी पत्रा आणि ब्रश. पाटी लहान, अक्षरं हाताने रंगवायची, त्यामुळे फापटपसारा नाही, राग आहे पण आटवलेला.

आणि त्यात तो 'नये', 'वे' आणि 'जाईल'. हवा सोडली जाईल. कोण सोडणार? ते नाही सांगितलेलं. जणू हवा आपली आपणच जाईल, नियमानुसार. धमकीसुद्धा इतक्या सभ्यपणे की उलट शिवी द्यायची पंचाईत.

आमच्याकडे कोल्हापुरात ह्याची गरजच पडत नाही. कुणी दारात गाडी लावली की माडीवरूनच आवाज येतो, 'ए भावा, गाडी काढ की, का दारातनंच आत घालतोस?' मग दोन मिनिटं शिव्या आणि तिसऱ्या मिनिटाला चहा. नागपुरात 'भाऊ, गाडी थोडी बाजूला घ्या ना जी', आणि मग गाडी कुठली, गाव कुठलं, तुमचे मामा कोण इथपर्यंत चौकशी. मुंबईत तर कुणाला बोलायला वेळच नाही, गाडी लागायला जागाही नाही. पुणेकराला बोलायचं नसतं. त्याला तुमचा राग नसतो, संभाषणाचा कंटाळा असतो. पाटी म्हणजे भांडण टाळायची सोय आहे, हे मला इथं राहायला लागल्यावर कळलं आणि तेव्हापासून मला पुणेकर आवडायला लागले, कारण लिहून सांगितलेलं बरं असतं, त्यात आवाज चढत नाही.

हा तिरकसपणा गावात सगळीकडे मुरलाय, देवही सुटले नाहीत. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, दाढीवाला दत्त, गुपचूप गणपती. जगात कुठल्या गावाने आपल्या कृष्णाला खुन्या म्हणून पत्त्यात लिहिलंय सांगा मला. आणि ही नावं ठेवणारे सकाळी त्याच मुरलीधराला नमस्कार करून कामाला जातात. चेष्टा करायची ती देवाची, मालकाची, गिऱ्हाईकाची, म्हणजे आपल्या बरोबरीच्या नाहीतर वरच्याची. दुपारी १ ते ४ दुकान बंद ही पाटीसुद्धा कुणाला उद्देशून होती? खिशात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला! नोकराला नाही. (त्या १ ते ४ वर आता विनोद करू नका प्लीज. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारचंही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तरी लोक अजून तोच जोक फॉरवर्ड करतायत.)

मग हे बिघडलं कुठं? माझ्या मते पाटी विकायला लागली तिथं. पुणेरी पगडीला २००९ मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे कुणीही उठून काहीही डोक्यावर घालून त्याला पुणेरी पगडी म्हणून विकायचं नाही. पाटीला असलं काही संरक्षण नाही. तिचे कॉफी मग झाले, फ्रिज मॅग्नेट झाले, टीशर्ट झाले, हॉटेलांच्या भिंतीवर रांगेने दहा-दहा पाट्या लागल्या, ज्या हॉटेलात मॅनेजर अदबीने 'सर, हाऊ वॉज द फूड' विचारतो आणि मागे पाटी असते 'जास्त वेळ बसू नये'. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणपतीतसुद्धा पुणेरी पाटी लागते, आता तिथं चपला चोरीला जातच नाहीत तरी चपला सांभाळा लिहिलेलं असतं. ते एक वेळ ठीक, घरची आठवण म्हणून माणूस लावतो. पण इथं, पुण्यात, तुम्ही रेडीमेड पाटी विकत आणून लावता म्हणजे काय? कंटाळलेला माणूस नाही, त्रास नाही, हकीकत नाही, नुसता टोमणा. तयार टोमणा मिळाला की तो कुणावर तरी मारावासा वाटतोच, आणि मग गेटमधून आत येणाऱ्यांत जो उलट बोलणार नाही तो सापडतो.

मराठी पाट्यांच्या कायद्याचंही असंच झालं बघा. २०२२ मध्ये दुरुस्ती करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मग बऱ्याच ठिकाणी देवनागरी लागली. मी कायद्याच्या बाजूचा आहे. पण वाचायला गेलं तर 'द अर्बन क्रस्ट', 'फिटनेस हब', 'द पेट स्टुडिओ'. अक्षरं मराठी झाली, बोलणारा माणूस कुठं दिसत नाही. तुमच्या पिवळ्या पाटीवरही कार्टूनला पगडी आहे, आणि त्या पगडीखाली डोकं नाही. जाऊ दे, हे जरा जास्त झालं, पण खोडत नाही.

फक्त पुण्यातच चांगल्या पाट्या होतात असंही नाही हं. लडाखला बुलेटवरून गेलेले तुमच्यातही असतीलच, तिथं बीआरओच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पाट्या आठवा. १९८५ पासून त्यांचा हिमांक प्रोजेक्ट तिथले रस्ते सांभाळतोय, आणि वळणावळणावर 'आफ्टर व्हिस्की ड्रायव्हिंग रिस्की', 'बी जेंटल ऑन माय कर्व्ह्ज'. इंग्रजी यमक अगदी शाळेतलं, पण चालतं, कारण सांगणाऱ्याला खरंच वाटतंय की तुम्ही दरीत पडू नये. आणि बोलतोय तो कुणाशी, तर गाडी हातात असलेल्या माणसाशी, जो ऐकेल किंवा ऐकणार नाही. उलट ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' आपल्या सरकारने २०१५ मध्ये बंद केलं, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून. (हॉर्न काही कमी झाले नाहीत. ट्रकही अजून तेच लिहून फिरतात.)

आता तुमच्या नोटीस बोर्डांकडे येतो, कारण तिथली परिस्थिती फार गंभीर आहे. एकतर तिथं ते इंग्रजी असतं, 'ऑल मेंबर्स आर हिअरबाय रिक्वेस्टेड टू काइंडली', आणि ते काइंडली पूर्ण होईपर्यंत वाचणारा लिफ्टमध्ये गेलेला असतो. नाहीतर रेडीमेड टोमणे. आणि तिसरा प्रकार ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय, खाली बघून लिहिलेल्या पाट्या. मावशींनी ह्या बाकावर बसू नये. ड्रायव्हरांनी क्लब हाऊसचं टॉयलेट वापरू नये. बॅचलर भाडेकरूंकडे रात्री १० नंतर पाहुणे आल्यास... वगैरे. अहो, त्या मावशी बाराव्या मजल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात हात घालतात, पोळ्या करतात, तुमच्या पोराला भरवतात, आणि त्यांनी तुमच्या लिफ्टमध्ये उभं राहिलं की नेमकं काय होतं हे मला कुणीतरी समजावून सांगा. हायजीन म्हणू नका. त्याच लिफ्टमधून तुमचा लॅब्राडोर पावसात भिजून येतो.

आणि हे सगळं अमलात कोण आणणार तर वॉचमन. पाटी लिहिणारे साहेब वरती एसीत, आणि खाली धाराशिवहून नाहीतर बिहारमधून आलेला, बारा तासांची ड्युटी करणारा माणूस लोकांना अडवणार आणि दोन्हीकडून शिव्या खाणार. बरेचदा त्याला तुमची ती तिरकस मराठी कळतही नाही, त्याला एवढंच सांगितलेलं असतं की ह्यांना इकडून सोडायचं नाही. वाड्यातला मालक निदान स्वतःच्या पाटीखाली स्वतः बसायचा हो. तुम्ही एक आठवडा बसून बघा तुमच्या पाटीखाली खुर्ची टाकून, आणि प्रत्येक बॅगवाल्याला स्वतःच्या तोंडाने सांगा, 'बाळा, तू ह्या लिफ्टने यायचं नाहीस.' जमलं तर ठेवा पाटी.

हे सगळं मी एजीएममध्ये बोललो असतो, पण मी भाडेकरू आहे, भाडेकरूला सभेत मत नसतं, मेंटेनन्स मात्र भाड्यात धरलेला असतो. त्यामुळे हे पत्र हीच माझी पाटी समजा.

नुसती टीका करतो असं वाटू नये म्हणून काही मजकूर देतोय, फुकट वापरा, खाली माझं नाव नको. फक्त प्रिंट काढू नका, कुणाचं तरी अक्षर चांगलं असेल त्याच्याकडून लिहून घ्या, प्रत्येक विंगमध्ये एक निवृत्त मास्तर असतातच आणि ते वाटच बघत असतात.

व्हिजिटर पार्किंगसाठी : 'पाहुण्यांच्या जागेत गेले वर्षभर मुक्कामाला असलेल्या गाडीचा कमिटीतर्फे लवकरच सत्कार करण्यात येईल.' नंबर लिहू नका. सगळ्यांना माहीत आहे.

लिफ्टमध्ये : 'दार धरून गप्पा मारू नयेत. दहाव्या मजल्यावरच्यांनाही घर आहे.'

बागेत : 'कुत्रा आपला, तर त्याने केलेलेही आपलेच. उचलावे.'

थकबाकीसाठी : 'मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावे येथे लावलेली नाहीत. त्यांनी निश्चिंत राहू नये.'

कमिटीच्या ऑफिसवर : 'मीटिंग ७ वाजता आहे. गेल्या वेळीही ७ वाजताच होती.' ही लावायला धीर लागेल, कारण साडेसातला येणारे बहुधा अध्यक्षच असतात. पण वरच्याला उद्देशून एक तरी पाटी असल्याशिवाय बाकीच्या लावायचा हक्क येत नाही असं माझं मत आहे.

आणि त्या लिफ्टपाशी, पिवळी पाटी काढल्यावर भिंतीला जे दोन स्क्रूचे भोक राहतील तिथं ही लावा : 'डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी : प्यायचे पाणी डाव्या हाताला, बाक उजव्या हाताला, लिफ्ट जी आधी येईल ती. सभासदांसाठी : त्यांना दहा मिनिटांत बोलावून स्वतः दहा मिनिटे दार न उघडणे बंद करावे.'

पाण्याची सोय आधी करा, मग पाटी. उलटं करू नका.

कुणाला हा मजकूर झोंबला तर त्याच्या शेजारी तुमचा लावा. मी येऊन वाचेन, आणि चांगला असला तर माझा काढून टाकेन.

कळावे, लोभ असावा. नसला तरी पाटी काढावी.

आपला,
बी विंगमधला एक भाडेकरू

ता. क. : पाटीत 'पार्किंग'चा र्कि चुकवू नका. मास्तरांना दाखवून घ्या.